भिंतीतला संसार

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या जुन्या घरांविषयी एक समज घट्ट बसलेला आहे. माणसं गरीब होती म्हणून घरं ओकीबोकी होती. ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांनी घर सजवलं, बाकीच्यांनी डोक्यावर नुसतं छप्पर घेतलं. मुंबई सरकारने १८८५ साली छापलेला सातारा जिल्ह्याचा गॅझेटिअर वरवर चाळला की हा समज पक्काच होतो. तेव्हाच्या साताऱ्यात आजच्या सांगलीचे तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुकेही येत. ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्या जुन्या सरकारी पाहणीत घरसामान म्हणून येतात ती तांब्यापितळेची भांडी, मातीची मडकी, अंथरूण-पांघरूण, फार तर एखादी बाज. खुर्ची नाही, टेबल नाही, कपाट नाही. पण हलवता येईल तेवढंच सामान धरून केलेली ही मोजदाद आहे. या मुलखातल्या घराचं बहुतेक फर्निचर हलवता येण्यासारखं नव्हतंच, ते भिंतीत होतं. माझं म्हणणं एवढंच की कमी पैशांत घर नीटनेटकं लावणं ही इथे खरेदीची बाब नव्हती, बांधकामाची होती. भिंत पातळ झाली तेव्हा ती खरेदीची बाब झाली. गेल्या शंभर वर्षांत आपल्या घरांत जे बदललं, त्याचा मोठा भाग एवढ्या एका गोष्टीतून उलगडतो.

आधी भिंतीकडे पाहू. पश्चिमेला जावळी, पाटण, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात दगडमातीची भिंत आणि वर उतरतं कौलारू किंवा गवती छप्पर. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागात मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत आणि वर सपाट माळवद. माळवदावर तुळया, किलच्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, म्हणजे अंगावर मोठंच ओझं. ते पेलायचं, उन्हाळ्यात घर गार ठेवायचं आणि बांधकाम चिखलात करायचं, तर भिंत दीड-दोन फुटांहून कमी करून चालत नसे. वाड्यांत ती तीन फुटांवरही जाई. अशा भिंतीत पोकळी ठेवायला जास्तीचा खर्च नाही. गवंडी कोनाडा सोडतो तेव्हा तेवढी माती आणि दगड उलट वाचतात. वर लाकडाची एक फळी किंवा लांब दगड टाकला की काम झालं. सोप्यात दाराशेजारी दिवळी, देव्हाऱ्यासाठी मोठा कोनाडा, माजघरात लाकडी झडपांचं फडताळ, चुलीमागे भानवस. भिंत उभी राहतानाच लाकडी खुंट्या तिच्यात ठोकलेल्या. पगडी, पासोडी, बैलांची घुंगरमाळ, कंदील, जे ते आपापल्या खुंटीवर. आढ्याला टांगलेल्या वळणीवर धुतलेली लुगडी आणि दिवसा गुंडाळून ठेवलेल्या वाकळा.

माजघराची एकच भिंत जवळून पाहिली तरी हा हिशेब कळतो. फडताळाचा खालचा कप्पा गुडघ्याच्या उंचीचा, त्यात रोजचं तेल-मीठ. मुलांचा हात पोचला तरी बिघडत नाही असं सामान तिथे. मधल्या कप्प्यात लोणच्याच्या बरण्या, सुपाऱ्या, औषधाच्या मुळ्या. वरच्या कप्प्यात कागद, सातबाराचे उतारे, पोथी, सणासुदीची चांदीची वाटी. दिव्याची दिवळी दाराच्या उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, आणि तिच्या माथ्यावर काजळीचा काळा पट्टा. त्या पट्ट्याजवळ कपडे टांगायची खुंटी कधी नसायची. कुठली वस्तू कुठे ठेवायची हा निर्णय घर बांधतानाच झालेला, आणि तो तीन-तीन पिढ्या टिकायचा. आज ‘घर आवरणं’ म्हणून जे रोजचं काम आहे, त्यातला जागा ठरवण्याचा भाग त्या घरात संपलेला होता. वस्तू जागेवर परत ठेवणं तेवढं उरलं होतं. घराची मोजणीही खणांनी व्हायची. दोन खणांचं घर, पाच खणांचं घर, म्हणजे दोन खांबांमधल्या जागा किती, एवढं सांगितलं की आत काय मावेल याचा अंदाज ऐकणाऱ्याला येई.

भिंतीइतकंच काम जमीन आणि आढं करत. उखळ भुईत पुरलेलं, जातं मातीत बसवलेलं, पाण्याचा रांजण अर्धा जमिनीत, म्हणून पाणी गार. धान्य बळदात, म्हणजे भिंतीशी बांधून काढलेल्या कोठारात, नाहीतर कणगीत. दही-दूध शिंक्यावर, मांजराच्या उडीच्या वर. उतरंड तेवढी मोकळी उभी, पण तिचीही जागा ठरलेली: मोठ्या मडक्यावर मध्यम, त्यावर लहान, वर गाडगं. एका मडक्याच्या बुडाएवढ्या जागेत पाच-सहा जिनसा. साठवण जमिनीत घेण्याची ही रीत सांगलीत तर व्यापारापर्यंत गेली. कृष्णाकाठी हरिपूरच्या पेवांत हळद साठवली जायची. जमिनीत खोल खणलेल्या या खड्ड्यांत हळद महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षंही टिकायची आणि कीडही लागायची नाही. सांगलीच्या हळदबाजाराचा पाया या पेवांवर उभा राहिला. घरातलं बळद आणि बाजारातलं पेव यांत फरक आकाराचाच.

मग सजावट? तीही भिंतीवरच होती, पण टिकवायची नव्हती. पांढऱ्या मातीने पोतारलेली भिंत आणि खाली गेरूचा पट्टा. नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचे, श्रावणात जिवतीचा कागद चिकटवायचा, बेंदराला मातीचे बैल करून देवाजवळ मांडायचे, गौरी-गणपतीला घरातल्याच लुगड्यांची आरास, दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी, चैत्रात अंगणभर चैत्रांगण. एक सण गेला की त्याची खूण पुसायची आणि दुसऱ्याची मांडायची. जिन्नस सगळा घरचा: तांदळाचं पीठ, हळद, गेरू, शेण, झेंडूची फुलं. शोभा वर्षभरात विभागलेली होती; एका फटक्यात घर ‘सजवून टाकायचं’ ही कल्पनाच नव्हती. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतींवर रंगीत चित्रं आहेत, त्यांना चितारी लावावे लागले. अशी कायमची चित्रं सरदार-मुत्सद्द्यांच्या घरची. साध्या घरात कायमचं चित्र आलं ते छापखान्यामुळे. पुण्याची चित्रशाळा १८७८ मध्ये सुरू झाली, राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, आणि रामपंचायतन, लक्ष्मी, सरस्वती अगदी थोड्या पैशांत तसबिरीत बसून खेड्यापाड्यांतल्या सोप्यांपर्यंत पोचल्या. घरच्या भिंतीवर विकत आणून लावलेली, सणाबरोबर न पुसली जाणारी शोभा ती हीच पहिली.

यावर कोणी म्हणेल, कोनाडे, फडताळं, बळदं हा सगळा वाड्यांचा आणि बऱ्यापैकी शेतकऱ्यांचा संसार झाला. गावकुसाबाहेर काय होतं? हा आक्षेप खरा आहे, त्याला बगल देता येत नाही. ज्यांना दगडाची किंवा जाड मातीची भिंत बांधण्याइतकी जागा, सामान आणि बऱ्याच गावांत मुभाही नव्हती, त्यांची घरं कुडाची होती. काट्याकुट्यांवर लिंपलेल्या त्या चार बोटांच्या भिंतीत कोनाडा निघत नाही. तिथे सगळं आढ्याला लटकलेलं, गाडग्यात भरलेलं, नाहीतर एका पेटीत. पण या आक्षेपाने माझं म्हणणं मोडत नाही, उलट ते जास्त नेमकं होतं. घर नीट लावण्याची सोय रोकड्या पैशावर नव्हती, भिंतीवर होती; आणि भिंत कोणाला मिळते हे जात आणि जमीन ठरवत होती. साधा कुणबी रोकडीच्या बाबतीत फार वरचढ नसेल, पण त्याच्याकडे जाड भिंत होती आणि त्या भिंतीने त्याचा संसार सावरून धरला. म्हणून जुन्या घराच्या नीटनेटकेपणाचं कौतुक करताना ज्यांच्या वाट्याला ती भिंतच आली नाही त्यांच्याकडे अव्यवस्था कशी होती, असं बोलणं अन्यायाचं ठरतं.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. त्या घराला पैसा लागत नव्हता, पण ते फुकट नव्हतं. शेणाने भुई सारवायची ती आठवड्याला, घरात सण असला तर रोजही. शेण गोळा करायचं, पाण्यात कालवायचं, गुडघ्यांवर बसून हाताने एकसारखं फिरवायचं, सुकेपर्यंत पोरांना बाहेर ठेवायचं. दसऱ्याआधी सगळं घर झाडून पोतारायचं, वाकळा नदीवर धुवायच्या, पितळ चिंच आणि राखेने घासायचं. पावसाळा आला की माळवदाची भेग बुजवायची. जुन्या लुगड्यांचे थर घालून वाकळ शिवायची, एका वाकळेला रिकाम्या वेळच्या कित्येक दुपारी जायच्या. हा सारा खर्च बाईच्या अंगावर होता आणि तो कोणत्याच वहीत लिहिला गेला नाही. आज काही जण मातीच्या घरांचं गुणगान करतात तेव्हा मला हे राहून राहून सांगावंसं वाटतं: ती घरं स्वस्त पडत, कारण रोजची डागडुजी बिनमोल हातांनी होत होती.

हे हात मोकळे व्हावेत ही इच्छा या मुलखात पहिल्यांदा बोलकी झाली ती एका कारखान्याच्या आसपास. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर आणि कडबाकापणीची यंत्रं करत होते. तिथली जागा सोडायची पाळी आली तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलं आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याबरोबर आखून बांधलेली कामगारांची घरंही आली. रामूअण्णा किर्लोस्कर यांनी त्या वसाहतीची व्यवस्था लावली. घर म्हणजे आजोबांनी बांधलेलं, पिढ्यांनी घडवलेलं, हे समीकरण इथे सुटलं. कुटुंब नोकरीबरोबर घरात येणार आणि नोकरीबरोबरच सोडून जाणार. अशा घरात भिंतीला आपल्या सोयीने कोनाडा पाडता येत नाही. सामान हलवता येण्यासारखं हवं. लोखंडी पेट्या, लाकडी मांडण्या, खुर्च्या ही गरज इथे जन्मली. किर्लोस्करांच्याच कारखान्यात पुढे लोखंडी फर्निचरही तयार झालं, हा योगायोग मानायला मी तयार नाही. त्याच सुमारास कराडजवळ ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरांत टांगला गेला आणि काचेच्या बरण्या चिनीमातीच्या शेजारी आल्या. काच असलेला कंदील जिथे हवा तिथे नेता येई. दिवळीचं महत्त्व त्या दिवसापासून ओसरू लागलं.

किर्लोस्करवाडीहूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, पुढे ते ‘किर्लोस्कर’ झालं, आणि १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. विवाह, शिक्षण, स्वतःची मिळकत यांबरोबर घरकामाचा विचारही मासिकाच्या पानांवर येणं ही बाईच्या श्रमांना मिळालेली सार्वजनिक दखल होती. या मासिकांनी मध्यमवर्गीय घरात हौसेची खरेदी वाढवली असा आरोप होऊ शकतो, आणि जाहिरातींची पानं पाहिली तर तो निराधार नाही. पण त्याच परंपरेतून आलेलं ‘रुचिरा’ पाहावं. कुंडलला जन्मलेल्या आणि सांगलीत संसार केलेल्या कमलाबाई ओगले यांचं हे पाककृतींचं पुस्तक १९७० मध्ये किर्लोस्करांनी काढलं. त्यातली मापं वाटी आणि चमच्याची आहेत. वजनकाटा विकत आणा, असं ते बाईला सांगत नाही. घरात जे आहे त्यानेच मोजा म्हणतं. बाजार आणि काटकसर यांची अशी सांगड घालणारी दृष्टी या मुलखाला होती.

भिंत खऱ्या अर्थाने पातळ झाली ती स्वातंत्र्यानंतर, साखरेबरोबर. कृष्णा-वारणेच्या काठाने ऊस वाढला, सहकारी साखर कारखाने उभे राहिले, वाळवा-मिरज-कराड पट्ट्यात हातात रोकड खेळू लागली. त्या रोकडीचं पहिलं रूप म्हणजे भाजलेल्या विटांचं, सिमेंटचं, पुढे स्लॅबचं घर. नऊ इंची भिंत, आतल्या खोल्यांना साडेचार इंची. साडेचार इंचांत फडताळ बसत नाही. मग गोदरेजचं किंवा त्याच्या धर्तीवर इस्लामपूर-सांगलीत बनलेलं लोखंडी कपाट, स्टीलची मांडणी, दिवाण, शोकेस. पितळ मोडीत गेलं आणि बदल्यात स्टीलची भांडी आली. ज्या कुटुंबाला पूर्वी घर एकदा बांधून पुढे फक्त सांभाळायचं होतं, त्याला आता घर बांधूनही ते पुन्हा विकत घ्यावं लागलं. लग्नात कपाट द्यावं लागतं ही रूढीही यातूनच रुजली. भिंतीतून निघालेला खर्च मुलीच्या बापाच्या डोक्यावर जाऊन बसला. स्लॅबच्या घराला नावं ठेवणाऱ्यांनी आणि त्याचं कौतुक करणाऱ्यांनीही हा हिशेब क्वचितच केला.

तरीही जाड भिंतीकडे परत चला, असं मी म्हणणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. पाटणच्या खोऱ्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. दगड आणि चिखल यांच्या जड भिंती अशा हादऱ्यात फुटून आतल्या माणसांवर कोसळतात. ज्या जाडीत फडताळ होतं तीच जाडी जिवावर बेतते. पूर्वेकडचं माळवदही सततच्या पावसात घात करतं. आणि कृष्णेचा पूर आहेच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. मातीची भिंत अशा पाण्यात फार काळ तग धरत नाही. पण पुराने दुसरीही बाजू दाखवली. प्लायवूड पाण्यात फुगतं, पापुद्रे सुटतात, आणि हप्त्यावर घेतलेलं फर्निचर हप्ते फिटायच्या आत कचऱ्यात जातं. सिमेंटच्या भिंतीत पक्क्या बसवलेल्या फरशीच्या कप्प्यांचं मात्र काही बिघडत नाही; चिखल धुतला की ते परत वापरात. म्हणजे प्रश्न जाडीचा नाही, जागा भिंतीत आधी ठरलेली असण्याचा आहे.

आणि हा तोडगा कोणा वास्तुविशारदाने काढलेला नाही, इथल्या गवंड्यांनी काढला आहे. गेली चाळीस-पन्नास वर्षं दोन्ही जिल्ह्यांत स्वयंपाकघराच्या भिंतीत काळ्या कडाप्प्याचे कप्पे बसवले जातात, खिडकीवरच्या छज्ज्याची आतली बाजू माळ्यासाठी वाढवली जाते, दोन खोल्यांच्या कोपऱ्यात फरशीचं उभं कपाट काढलं जातं आणि त्याला पुढे सवडीने दारं लावली जातात. भिंतीची जाडी गेली तेव्हा कोनाडा खोलीत थोडा पुढे सरकला, एवढंच. मिस्त्रीला काम सुरू असतानाच सांगितलं तर या कप्प्यांना कपाटाच्या मानाने थोडाच खर्च येतो. नंतर सांगितलं तर तोडफोड, पुन्हा गिलावा आणि दुप्पट मजुरी. गरिबाच्या घराच्या बाबतीत हा मुद्दा आज सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर किमान २५ चौरस मीटरचं, सपाट प्रदेशात मदत १ लाख २० हजार रुपयांची, आणि पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्त्यांनी येतात. २५ चौरस मीटरांत चार-पाच माणसं, त्यांची अंथरुणं, वर्षाचं धान्य, पोरांची दप्तरं आणि एखादी शिलाई मशीन बसवायची, तर त्या खोलीत कपाटाचे चार पाय ठेवायला जागा नसते. साठवण भिंतीत आणि छताखालीच घ्यावी लागते. पायापासून छतापर्यंतचे टप्पे तपासून हप्ता सोडणाऱ्या पंचायत समितीच्या अभियंत्याने जोत्याच्या वेळीच त्या घरातल्या बाईला समोर बसवून कप्पे कुठे हवेत, किती उंचीवर हवेत, माळा कोणत्या भिंतीवर हवा हे नकाशावर आखून घेतलं, तर त्याला निराळं अनुदान लागत नाही. लागते ती एक पेन्सिल आणि अर्धा तास. आज हे बोलणं बहुतेक ठिकाणी गिलावा झाल्यावर होतं, आणि तोवर शेवटचा हप्ता खर्ची पडलेला असतो.